रविवारच्या उपासनेला प्रथमच येणाऱ्यांसाठी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांत रोषणाई केलेल्या चर्चची छायाचित्रे येऊ लागतात आणि नाताळच्या आदल्या रात्री शहरातील बहुतेक चर्चच्या आवारांत इतर धर्मांचे शेजारी, महाविद्यालयीन मुलेमुली आणि लहानग्यांना खांद्यावर घेतलेले आईवडील यांची गर्दी लोटते. गव्हाणीचा देखावा पाहायचा, मेणबत्ती लावायची, छायाचित्रे काढायची आणि दारावरूनच माघारी फिरायचे, असा या भेटीचा ठरलेला क्रम असतो. आत उपासना चालू असते, गाण्याचे सूर बाहेर येत असतात आणि घटकाभर आत जाऊन बसावे असे अनेकांना वाटतही असते. पण आत गेल्यावर आपण नक्की काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. ओळखीचे लोक मग आम्हांला विचारतात: आम्ही आलो तर चालते का, चपला कुठे काढायच्या, प्रसाद दिला तर घ्यायचा का, आणि आवाज जरा खाली आणून, आत गेल्यावर काही ‘घ्यावे’ लागते का. मी पुण्यातील एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चच्या भाविक समुदायाचा, सभासद आहे. हे प्रश्न खासगीत वारंवार येतात, म्हणून त्यांची उत्तरे जाहीरपणे द्यावीत या हेतूने हे पत्र लिहीत आहे. पाहुण्याला चर्चमधील उपासनेत काहीही करावे लागत नाही, एक गोष्ट तेवढी करायची नसते, आणि ही माहिती त्याला देण्याची जबाबदारी त्याच्यावर नसून आमच्या मंडळ्यांवर आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम हे सांगायला हवे की ‘चर्च’ हा एकसारखा प्रकार नाही. वसईत आणि मुंबईत प्रामुख्याने कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश) आहेत. पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर या भागांत जुन्या मिशनांमधून उभ्या राहिलेल्या प्रोटेस्टंट मंडळ्या आहेत. त्यांतील बऱ्याच मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील आहेत. यांखेरीज मेथॉडिस्ट, मुक्तिफौज, पेंटेकॉस्टल आणि अलीकडच्या स्वतंत्र प्रार्थनासभा आहेतच. त्यामुळे एका ठिकाणी पाहुण्याला छापील पुस्तिकेबरहुकूम चाललेली शांत उपासना दिसेल, तर दुसऱ्या ठिकाणी हात उंचावून मोठ्याने केलेली प्रार्थना ऐकू येईल, आणि दोन्ही जागा आपल्या परीने बरोबरच असतील. मी पुढे जे लिहितो ते मुख्यतः जुन्या मराठी मंडळीतील रविवारच्या सकाळविषयी आहे. कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, जिथे वेगळी पडते तिथे तसे सांगेन.

आत पाऊल टाकण्याच्या भीतीला महाराष्ट्रात इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये झालेल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांना चहा आणि बिस्किटे देण्यात आली. त्या पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि एका चहाच्या पेल्यापायी बहिष्कार, ग्रामण्य (जातीचा न्यायनिवाडा) आणि प्रायश्चित्त यांवर पुण्यात दीर्घकाळ वाद चालला. त्याच आवारात आज पवित्र नाम देवालय आणि त्याचा घंटांचा उंच मनोरा उभा आहे, आणि त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या कित्येकांनी ते देवालय आतून पाहिलेले नाही. आता चहासाठी कोणी प्रायश्चित्त मागत नाही, पण संकोच मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

उपासना बहुतेक ठिकाणी रविवारी सकाळी असते. आठ ते दहाच्या दरम्यान केव्हातरी सुरू होते आणि साधारण सव्वा ते दीड तास चालते. शहरांतील चर्चमध्ये बाके असतात आणि पादत्राणे घालूनच आत बसण्याचा प्रघात असतो, तर खेड्यांतील अनेक मंडळ्यांत चपला बाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसतात, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया. दारात चपलांची रांग दिसली तर आपणही काढाव्यात, नाही तर काढू नयेत, एवढे धोरण पुरेसे आहे. पुष्कळ स्त्रिया डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, मात्र पाहुण्या स्त्रीने तसे केलेच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. पुरुषांनी टोपी काढून ठेवावी अशी अपेक्षा असते. लग्नाला जाताना घालतो तसले कपडे लागत नाहीत आणि फिरायला जाताना घालतो तसले शोभत नाहीत. बसायचे कुठे, याची चिंता करू नये. आमच्याकडे चर्च मागच्या बाकापासून भरत येते आणि पुढची बाके पाळकांच्या, म्हणजे उपासना चालवणाऱ्या धर्मगुरूंच्या, वारंवारच्या विनंतीनंतरही रिकामी राहतात. पाहुण्याने मध्यापासून थोडे मागे, कडेच्या जागी बसावे, म्हणजे पुढच्यांकडे पाहून केव्हा उठायचे आणि केव्हा बसायचे ते कळते, आणि मध्येच निघायचे झाले तर कोणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

घंटा झाली की पाळक आत येतात, सर्व जण उभे राहतात आणि पहिले गीत सुरू होते. मराठी वाचकाला सर्वाधिक अनपेक्षित वाटणारा भाग हाच असावा. चर्चमध्ये पियानो किंवा ऑर्गन आणि कानाला परकी वाटणारी चाल ऐकू येईल अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात अनेक मंडळ्यांत पेटी आणि तबला असतो, कुठे झांजा असतात, आणि गायली जाणारी गीते अभंगाच्या, ओवीच्या, साकी-दिंडीच्या घाटाची असतात. त्यांतील बरीचशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. कोकणात १८६१ मध्ये जन्मलेल्या, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या आणि १९१९ मध्ये निवर्तलेल्या या कवीला शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी फुलामुलांचा कवी म्हणून घरोघर पोचवले. पण त्यांच्या भक्तिगीतांचे खरे आयुष्य रविवारी सकाळी मंडळीच्या तोंडी चालू आहे, आणि ज्यांनी ती कधी कागदावर वाचली नाहीत अशा आजीबाईंनाही ती पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत पाठ असतात. तुकारामांचे अभंग कानांत बसलेल्या माणसाला त्यांची चाल परकी वाटणार नाही. त्यांच्या जोडीला इंग्रजी स्तोत्रांची मराठी रूपांतरेही असतात. त्यांतील काही सुरेख उतरली आहेत आणि काहींत मराठी शब्द इंग्रजी चालीत कोंबून बसवलेले आहेत, हे आमच्यातील गाणारेही खासगीत कबूल करतात.

गीताचा क्रमांक भिंतीवरच्या लाकडी फळीवर लावलेला असतो किंवा पाळक सांगतात. बाकावर ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक सापडले तर पाहुण्याने ते खुशाल उघडावे. गावेसे वाटले तर गावे, नाही तर नुसते उभे राहावे. पुस्तक नसेल तर शेजारचा माणूस आपले पुस्तक मध्ये धरून ओळीवर बोट ठेवतो, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. आता काही ठिकाणी भिंतीवर पडदा लावून शब्द त्यावर दाखवतात. त्याने सोय झाली आहे, पण सगळ्या माना एका दिशेला वर झाल्यामुळे ते बोट ठेवणे मात्र बंद पडत चालले आहे.

गीतानंतर प्रार्थना, पापांगीकार, स्तोत्राचे वाचन आणि शास्त्रपाठ अशा क्रमाने उपासना पुढे जाते. पापांगीकार या शब्दाने पाहुण्याने बिचकू नये. त्यात कोणी उठून आपले अपराध जाहीर करत नाही, सर्व जण मिळून एक ठरलेली प्रार्थना म्हणतात आणि तीत आपण केलेल्या चुका व करायच्या राहून गेलेल्या गोष्टी या दोहोंची क्षमा मागितली जाते. शास्त्रपाठ बहुधा मंडळीतीलच कोणी वाचते, कधी शाळकरी मुलगी, कधी निवृत्त कारकून. जुन्या करारातील नावे वाचताना त्यांची उडणारी तारांबळ पाहून मागच्या बाकावरची मुले हसू दाबतात. चार शुभवर्तमानांपैकी एखाद्यातील उतारा वाचायचा असला की अनेक ठिकाणी सगळे उभे राहतात. त्यानंतर विश्वासांगीकार म्हटला जातो. हा ख्रिस्ती श्रद्धेचा जाहीर उच्चार असल्यामुळे ज्याची ती श्रद्धा नाही त्याने तो म्हणू नये हेच प्रामाणिकपणाचे आहे, आणि तो गप्प राहिला म्हणून कोणाला वावगे वाटत नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना मात्र मिशनच्या शाळांत शिकलेल्या अनेक हिंदू आणि मुसलमान मंडळींना पाठ असते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या ओळीशी आल्यावर त्यांचे ओठ आपोआप हलू लागलेले मी पाहिले आहेत.

प्रवचन वीस मिनिटांचे असते, चाळीसचेही असू शकते. चांगले प्रवचन त्या दिवशीच्या शास्त्रपाठातून निघते आणि ऐकणाऱ्यांच्या आठवड्यापर्यंत येऊन पोचते. कंटाळवाणे प्रवचन कोणत्याही पाठातून निघू शकते. पाहुण्याला एखाद्या रविवारी दुसऱ्या प्रकारचे वाट्याला आले तर त्याने आम्हांला समजून घ्यावे, कारण आम्हांलाही ते अधूनमधून येते.

प्रवचनानंतर अर्पण घेतले जाते. एखादे गीत चालू असताना मंडळीचे पंच किंवा तरुण मुले कापडी थैली अथवा ताटली घेऊन रांगेरांगेने फिरतात. पाहुण्यांची सर्वांत जास्त चुळबुळ या वेळी होते. काही जण घाईने खिसे चाचपतात, काही जण शंभराची नोट टाकावी की पाचशेची या विचारात पडतात. हे अर्पण म्हणजे मंडळीच्या सभासदांनी आपल्या मंडळीचा खर्च चालवण्यासाठी आणि गरजूंच्या मदतीसाठी देवापुढे ठेवलेला आपला वाटा आहे. पाहुण्याकडून त्याची अपेक्षा नसते. थैली आली की ती शेजाऱ्याकडे सरकवावी, इतकेच. कोणाला मनापासून काही टाकावेसे वाटले तर त्यालाही मनाई नाही. थैलीत हात पूर्ण आत घालून मूठ उघडायची असते, त्यामुळे कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

यानंतर सूचना होतात. कोणाच्या घरी प्रार्थनासभा आहे, महिला मंडळ केव्हा भरणार, शब्बाथशाळेची (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाची) सहल कुठे जाणार, कोण रुग्णालयात आहे, कोणाच्या लग्नाचा जाहीरनामा आहे. मंडळी एकमेकांच्या सुखदुःखात कशी गुंतलेली असते हे पाहुण्याला प्रवचनापेक्षा या सूचनांतून अधिक कळेल. परंतु याच टप्प्यावर अनेक ठिकाणी एक प्रथा आहे आणि ती बंद व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आज प्रथमच आलेले कोणी असतील तर कृपया उभे राहून आपले नाव सांगावे’ अशी विनंती होते, सगळ्या माना मागे वळतात, टाळ्या वाजतात, क्वचित गुलाबाचे फूलही दिले जाते. हेतू स्वागताचा असतो यात शंका नाही. पण जो माणूस मुळातच बिचकत, कोणाच्या नजरेत न भरता तासभर बसावे म्हणून आला आहे, त्याला दोनशे लोकांसमोर उभे करणे म्हणजे पुन्हा न येण्याची सोय करणे आहे. पाहुण्याने अशा वेळी उठले नाही तरी चालते. उपासना संपल्यावर दारात ‘जय ख्रिस्त’ म्हणून किंवा साधा नमस्कार करून केलेली विचारपूस पुरेशी असते, आणि पाळक बहुधा दारात थांबून प्रत्येकाला भेटतातच.

आता ती एक गोष्ट, जी करायची नसते. प्रत्येक मंडळीच्या रीतीप्रमाणे ठरावीक रविवारी, म्हणजे कुठे दर आठवड्याला तर कुठे महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाचा विधी होतो. येशूने वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांबरोबर घेतलेल्या भोजनाची ही आठवण आहे. पाळक वेदीपाशी भाकर मोडतात, द्राक्षरसाच्या पेल्यावर प्रार्थना करतात आणि सभासद पुढे जाऊन, बहुधा कठड्यापाशी गुडघे टेकून, भाकरीचा लहानसा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घेतात. देवळात गेल्यावर तीर्थप्रसाद नाकारणे हा अनादर समजला जातो. त्याच संस्कारात वाढलेला पाहुणा इथेही आदर म्हणूनच रांगेत उभा राहतो. इथे मात्र आदर दाखवण्याची रीत उलट आहे. हा प्रसाद सर्वांना वाटण्यासाठी नसून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा अधिकार मिळालेल्या माणसांनी आपल्या श्रद्धेची साक्ष म्हणून घ्यायचा असतो. ख्रिस्ती घरातील लहान मुलेही अनेक मंडळ्यांत दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) होईपर्यंत तो घेत नाहीत आणि आईबापांबरोबर पुढे जाऊन नुसता आशीर्वाद घेऊन परततात. म्हणून पाहुण्याने आपल्या जागी शांत बसून राहावे. रांगेतील लोकांना वाट करून देण्यासाठी गुडघे थोडे बाजूला घ्यावेत. तो पुढे गेला नाही याची नोंद कोणी घेत नाही, कारण बाकांवर बसून राहिलेले ख्रिस्ती लोकही त्या दिवशी असतातच.

कॅथलिक चर्चमध्ये ही बाब अधिक नाजूक आहे. तिथे गव्हाच्या बेखमीर पिठाची पातळ, गोल, पांढरी भाकर दिली जाते आणि मिस्सामधील अर्पणप्रार्थनेनंतर ती प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर आहे अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या गर्दीत एखादा उत्साही पाहुणा ती हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो आणि घरी दाखवण्यासाठी खिशात ठेवतो, असे घडले की धर्मगुरूंना गर्दीतून त्याच्यामागे जावे लागते आणि दोघांचीही अवस्था अवघड होते. त्यात पाहुण्याच्या मनात काही वाकडे नसते, धर्मगुरूंच्याही नसते. विधीच्या आधी मराठीत स्पष्ट सूचना झाली असती तर हा प्रसंग टळला असता. अनेक चर्चमध्ये ती होते, काहींत ती फक्त इंग्रजीत होते आणि काहींत होतच नाही.

मिस्साची बाकीची घडण आमच्या उपासनेशी मिळतीजुळती आहे. रविवारी तीन वाचने आणि एक स्तोत्र असते, ती तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात, त्यामुळे एकाच रविवारी वसईच्या पापडीला आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला तोच उतारा वाचला जातो. प्रवचन तुलनेने आटोपशीर असते आणि सगळी मिस्सा तासाभरात संपते. गुडघे टेकण्याचे प्रसंग अधिक असतात. बाकाच्या खालच्या फळीवर सगळे गुडघे टेकतात आणि घंटी वाजते तो मिस्साचा गाभ्याचा भाग. पाहुण्याने त्या वेळी बसून राहिले तरी चालते, मात्र उठून फिरू नये किंवा छायाचित्र काढू नये. थोड्या वेळाने ‘एकमेकांना शांती द्या’ असे धर्मगुरू म्हणतात आणि अनोळखी शेजारी अचानक वळून हात जोडतो किंवा हात पुढे करतो. त्याला तसाच प्रतिसाद द्यावा. उपासनेतील हा एकमेव भाग असा आहे की ज्यात पाहुण्याला अनायासे सामील करून घेतले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यानंतर ती लोकभाषेत आली आणि वसईच्या धर्मग्रामांत मराठीत होऊ लागली. आज तिथे मराठी मिस्सा ऐकणाऱ्या पाहुण्याला भाषेची अडचण येण्याचे कारण नाही.

मराठी माणसाचे पाऊल चर्चमध्ये पडत नाही असेही नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला सप्टेंबरमध्ये सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात आणि मेणाचे हात, पाय, घर, बाळ असे नवसाचे आकार वाहतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी होणाऱ्या नोव्हेनाला (ठरावीक प्रार्थनांच्या उपासनेला) तर १९४८ पासून ख्रिस्तेतरांची मोठी उपस्थिती आहे. पण ती भेट नवसाची असते, आपले मागणे मांडून निघण्याची. दुसरी भेट पर्यटकाची, आणि ती बहुधा गोव्यात होते. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष पाहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना कित्येकदा आत चालू असलेली मिस्सा हा दर्शनातला अडथळा वाटतो. वास्तविक ते मुळात उपासनेचे ठिकाण आहे आणि तेथील मिस्सा आपल्यासाठी थांबवली जाणार नाही. अशा वेळी टोपी काढून, मोबाइल बंद करून मागे उभे राहावे किंवा बाकावर टेकावे, वेदीसमोरून आडवे जाऊ नये. कोकणी समजणाऱ्यांनी तर अवश्य थांबावे.

राहिला तो खालच्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न. उपासनेला बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, आणि बसलेल्याला तिथल्या तिथे कोणी ख्रिस्ती करूही शकत नाही. जुन्या मंडळ्यांत बाप्तिस्मा मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीला आधी शिक्षण घ्यावे लागते आणि मग मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने उत्तरे द्यावी लागतात. कॅथलिक चर्चमध्ये ही तयारी महिनोन्‌महिने चालते. अंगावर पाणी शिंपडले म्हणून दचकणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की कॅथलिक उपासनेत काही प्रसंगी सगळ्यांवरच पवित्र पाणी शिंपडतात आणि तो बाप्तिस्मा नव्हे. मात्र सर्वच सभा सारख्या नसतात हे मी लपवणार नाही. काही स्वतंत्र प्रार्थनासभांत आजारी आणि अडचणीत असलेल्यांना पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि ‘ज्यांना येशूला स्वीकारायचे आहे त्यांनी हात वर करावा’ असेही विचारतात. तेथील लोकांचा भाव प्रामाणिक असतो, पण पाहुण्याच्या भिडेचा फायदा उठवू नये असे माझे मत आहे. अशा ठिकाणी हात खाली ठेवून बसून राहण्याचा किंवा उठून निघून जाण्याचा प्रत्येकाला पूर्ण हक्क आहे.

केव्हा यावे, याबद्दलही दोन शब्द. नाताळची रात्र सुंदर असते, पण त्या रात्री बसायला जागा मिळत नाही आणि ओळखपाळख होत नाही. गाण्याची आवड असलेल्याने आगमनकाळातील, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांतील, एखादा रविवार निवडावा. गंभीर उपासना सोसणाऱ्याने उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन या वेळेत यावे. वधस्तंभावरील येशूच्या सात उद्गारांवर सात प्रवचने आणि मध्ये गीते असा तो कार्यक्रम अनेक मंडळ्यांत असतो, बरेच जण उपाशीपोटी आलेले असतात आणि शेवटी कोणी मोठ्याने बोलत नाही. त्याच्या अगदी उलट म्हणजे कापणीचा सण. सभासद शेतातली किंवा घरची पहिली वस्तू आणून वेदीपाशी ठेवतात: भोपळे, ऊस, ज्वारीची कणसे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, कोणाच्या हातचे लोणचे. उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. एका लिंबावर दोन भाऊ इरेला पेटतात आणि ते लिंबू शेकड्यांत जाते, घेणारा ते परत लिलावाला देतो आणि ते पुन्हा विकले जाते. या लिलावात पाहुण्यांनी बोली लावायला हरकत नसते, उलट लिलाव पुकारणारा त्यांना आग्रहच करतो. शहरात शेती उरली नाही तरी हा सण टिकला आहे, फक्त आता भोपळ्याशेजारी केक आणि कुंडीतली रोपे दिसतात.

एवढे सगळे वृत्तपत्रातून सांगावे लागते याचे कारण आमच्या मंडळ्यांनी ते दारावर सांगितलेले नाही. आमची उपासना आम्हांला पाठ असल्यामुळे ती नवख्याला कळणार नाही हे आमच्या ध्यानातच येत नाही. किती चर्चच्या फाटकावर उपासनेची वेळ मराठीत लिहिलेली आहे, हे कोणीही फेरफटका मारून पाहावे. संस्थापकांच्या नावाची संगमरवरी पाटी असते, वाहने उभी करू नयेत अशीही असते, पण ‘रविवारी सकाळी इतक्या वाजता मराठी उपासना, सर्वांचे स्वागत’ एवढी ओळ नसते. शिवाय सुरक्षेच्या नावाखाली अनेक ठिकाणी रखवालदार फाटकावरच ‘काय काम आहे’ असे विचारतो, आणि उपासनेला आलो आहे हे सांगताना अनोळखी माणूस ओशाळतो. माझी सर्व मंडळ्यांच्या पंचांना आणि धर्मगुरूंना विनंती आहे की फाटकावर मराठीत वेळ लिहावी. रखवालदाराला रविवारी कोणालाही न अडवण्यास सांगावे. दारात एक जाणता सभासद उभा करावा, जो पाहुण्याला गीतांचे पुस्तक देईल आणि त्याची चौकशी न करता जागा दाखवील. उपासनेचा क्रम एका पानावर छापून बाकांवर ठेवावा, त्यात कुठे उठायचे, कुठे बसायचे ते लिहावे. आणि प्रभुभोजनापूर्वी पाहुण्यांसाठीची सूचना दर वेळी मराठीत, सौम्य शब्दांत वाचावी. यासाठी फार पैसा लागत नाही, समितीचीही गरज नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. ‘आज शहरात’ अशा प्रकारच्या सदरात व्याख्याने, कीर्तने, प्रदर्शने आणि सत्संग यांच्या वेळा रोज छापल्या जातात. त्यात शनिवारच्या अंकी दुसऱ्या दिवशीच्या मराठी उपासनांच्या वेळा आणि पत्ते दिले जावेत. माहिती पुरवण्याचे काम मंडळ्यांनी करावे, आणि आमच्या मंडळीची माहिती पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला विश्वासू,
मराठी मंडळीचा एक सभासद, पुणे